अर्थिंग

आधी केबल बदलली.
सीताबर्डीवरून आणली, तीनशे वीसची.
दुकानदार म्हणाला होता, आवाज आला तर मला सांगा ताई.
आवाज आला.
जी-च्या किंचित वर, खर्जात,
तोंड मिटून कुणी नाही-नाही म्हणत असल्यासारखा.

मग ट्यूबलाइट बंद.
मोबाइल बाहेरच्या खोलीत, पालथा.
मग कूलर.
मे महिन्यात, दुपारी तीन वाजता, गोळीबार चौकात
कूलर बंद करणं म्हणजे काय
ते इथल्याच माणसाला कळेल.
पाच मिनिटांत कुर्ता पाठीला चिकटला
आणि गुणगुण तशीच,
उलट अधिक स्वच्छ,
आता तिला झाकायलाही कुणी नव्हतं.

स्क्रू काढले.
अजनीच्या रेल्वे क्वार्टरमधल्या मेल्विनने
पुण्याला जाताना विकलेली ही गिटार,
आत त्याच्या बहिणीच्या नेलपॉलिशने चिकटवलेली एक वायर,
एक मेलेली मुंगी,
आणि पेन्सिलीने लिहिलेला कुणाचा तरी फोन नंबर, आठ आकडी.
दोन ठिकाणी नवा डाग दिला,
तिसरा माझ्या बोटाला बसला.
व्हॉल्यूमची खरखर गेली.
तेवढंच.

एक गोष्ट मात्र लक्षात आली:
तारांवर हात ठेवला की ती गप्प.
हात काढला की सुरू.
चप्पल घालून हात ठेवला, तर हात असूनही सुरू.
अनवाणी, गप्प.
मी चार वेळा चप्पल घातली, काढली,
वेड्यासारखी.

बाबा दारात उभे होते.
विद्युत मंडळात चौतीस वर्षं, बहुतेक खांबावर.
डावा कान कामठीच्या सबस्टेशनला ठेवून आलेले.
माझं वाजवणं त्यांना ऐकू येत नाही
हे आम्ही दोघांनी न बोलता ठरवून टाकलेलं.
म्हणाले, "पन्नास सायकल."
मी म्हटलं, काय?
"हा आवाज. ओळखीचा हाय माह्या.
हाताला चिमटा येते का बे?"
येतो, म्हटलं, कधी कधी.
अनवाणी असले की.

ते काही बोलले नाहीत.
खिशातून टेस्टर काढला, रिटायर होऊनही खिशात असतोच,
आणि सहाव्या तारेला टेकवला.
दांड्यात लाल उजेड,
इतका मंद की तो पाहायला पडदा ओढावा लागला.
"गिटारचं काही नाही बिघडलं," म्हणाले.
"घराले अर्थिंग नाही राहिलं.
तूच अर्थिंग होऊन राहिली, पोरी."

मागच्या अंगणात, धुण्याच्या दगडाशेजारी
जुनी अॅक्टिव्हा उभी असते,
तिच्याखाली लोखंडी झाकण.
आम्ही कुणी ते नऊ वर्षं उघडलं नव्हतं.
आत कोळसा, मिठाचे पांढरे ओघळ,
काळी माती पाइपापासून सुटून बोटभर फाकलेली.
बाबांनी फटीत बोट घातलं
आणि बराच वेळ तसेच बसले.

अडीच किलो खडे मीठ.
मग पाणी.
टँकर परवा येणार होता,
आई दारातून ओरडली, "आता करंटलेही पाणी पाजता का?"
बाबा म्हणाले, "हो."
तीन बादल्या गेल्या.
माती पीत होती तेव्हा आवाज येत होता,
बुडबुड, मग काहीच नाही.

वर येऊन स्विच लावला.
हात लांब धरले, दोन्ही, पंचनाम्यात धरतात तसे.
पायात चप्पल.
शांत.
पूर्ण नाही. थोडी कुरकुर उरलीच,
ती वायंडिंगची, ती राहणार.
पण खोलीत पहिल्यांदा
मी काही न करता शांतता होती,
आणि तिचं काय करायचं ते मला सुचेना.

आता दर रविवारी सकाळी
अॅक्टिव्हा सरकवल्याचा आवाज येतो,
झाकणाचा, मग बादलीचा.
मग खालून बाबा ओरडतात,
उजवा कान खिडकीकडे करून:
"वाजव पाहू."
मी वाजवते.
"अजून."
मी अजून वाजवते.
"नाही येत ऐकू," ते म्हणतात, समाधानाने,
आणि तिथेच, धुण्याच्या दगडावर,
बराच वेळ बसून राहतात.